‘लुकूप’ही मराठीच आहे

३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला. पुढच्या वर्षी पहिलीपासून हिंदी शिकवण्याच्या शासन निर्णयांवरून महाराष्ट्र ढवळून निघाला आणि २९ जून २०२५ रोजी ते निर्णय सरकारला मागे घ्यावे लागले. तेव्हापासून मराठीच्या भवितव्यावर बोलणं थांबलेलं नाही, थांबायलाही नको. पण या बोलण्यात एक उपदेश सगळ्याच बाजूंकडून ऐकू येतो, आणि त्याला कोणी हरकत घेत नाही. सुरुवात घरापासून करा, घरात शुद्ध मराठी बोला, मुलांशी बोबडं बोलू नका, घरात तयार झालेले वेडेवाकडे शब्द मुलांच्या तोंडी राहू देऊ नका. पालकसभेत हेच सांगितलं जातं, सत्कार समारंभात हेच. टाळ्या पडतात. मला हा उपदेश साफ चुकीचा वाटतो. मराठीच्या काळजीपोटी आपण मराठीच्या अगदी मुळावर घाव घालतो आहोत असं माझं म्हणणं आहे. ज्या घरात स्वतःचे शब्द तयार होतात त्या घरात भाषा जिवंत असते. ज्या घरात ते होत नाहीत तिथे ती कितीही शुद्ध असली तरी पाहुणी असते.

घरगुती शब्द म्हणजे नेमकं काय? विरोधक त्यांना ‘लाडिक बडबड’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधून टाकतात. पण त्यांचे प्रकार खूप आहेत. माझ्या भाच्याला लहानपणी ‘कुलूप’ म्हणता येत नसे, तो ‘लुकूप’ म्हणायचा. तो आता नोकरीला लागला, स्वच्छ बोलतो, तरी बाहेर पडताना आमच्या घरात एकमेकांना विचारलं जातं ते “लुकूप लावलंस ना?” हेच. आमच्या स्वयंपाकघरातल्या एका खणाचं नाव ‘द्रोणागिरी’ आहे. त्यात सुतळी, जुन्या किल्ल्या, मेणबत्त्यांचे तुकडे, रबरं, शिट्टीचा सुटा भाग असं सगळं आहे. हवी ती वस्तू कधीच सापडत नाही, म्हणून मारुतीने केलं तेच करावं लागतं, अख्खा खणच उपसून आणावा लागतो. हे नाव माझ्या आईने ठेवलं. पाहुणे निघाले की आमच्याकडे ‘पहिला निरोप’ खुर्चीवरून उठताना होतो, ‘दुसरा निरोप’ दारात चपला घालताना आणि ‘तिसरा निरोप’ जिन्यात. कुणाला उशीर झाला की फोनवर एवढंच सांगायचं, “दुसऱ्या निरोपात आहे.” ऐकणाऱ्याला कळतं, अजून अर्धा तास.

यातला एकही शब्द कोशात नाही. पण ‘द्रोणागिरी’ म्हणायला रामायण घरात मुरलेलं असावं लागतं. ‘तिसरा निरोप’ म्हणायला ‘निरोप घेणे’ या क्रियेतला सगळा लांबलचक मराठी शिष्टाचार अंगात भिनलेला असावा लागतो. आणि एक उदाहरण तर मला व्याकरणाच्या दृष्टीने फार मोलाचं वाटतं. माझी पुतणी चार वर्षांची असताना, दुपारी ओटा आवरून आजी पंख्याखाली बसली तेव्हा ती म्हणाली, “आजी निवांतली.” हे क्रियापद तिला कोणी शिकवलं होतं? कोणीच नाही. नरम असलेला नरमतो, लंगडा लंगडतो, हे तिने नकळत ऐकलं होतं. त्यातला नियम तिच्या डोक्याने काढला आणि एका नव्या शब्दाला लावला. शिवाय ‘आजी’ला जुळणारं स्त्रीलिंगी रूपही अचूक दिलं. त्या क्षणी “असा शब्द नसतो, आजी निवांत बसली म्हण” असं तिला सांगणं म्हणजे तिच्या मराठीच्या सर्वांत मोठ्या यशाला चूक ठरवणं. पाठ केलेल्या भाषेत माणसाला बरोबर बोलता येतं, पण सगळ्यांना पटकन कळेल असा नवा शब्द काढता येत नाही. तो स्वतःच्या भाषेतच काढता येतो.

हिब्रूचं उदाहरण सगळेच देतात, पण अर्धवट देतात. ‘मेलेली भाषा जिद्दीने जिवंत केली’ एवढंच सांगितलं जातं. हिब्रूला काय कमी होतं? दोन-अडीच हजार वर्षांचे धर्मग्रंथ होते, कविता होती, विद्वान होते. अभिजातपणाचा निकष लावला तर तिच्याइतकी पात्र भाषा शोधावी लागेल. नव्हतं ते एवढंच, की कुणाच्या घरात त्या भाषेत बाळाला अंगाई म्हटली जात नव्हती. हिब्रू पुन्हा बोलती करायला निघालेले एलिएझर बेन-येहुदा १८८१ साली जेरुसलेमला गेले, १८८२ मध्ये त्यांना मुलगा झाला आणि त्याच्याशी फक्त हिब्रूतच बोलायचं असं त्यांनी ठरवलं. लगेच अडलं. बाहुलीला काय म्हणायचं? टॉवेलला? आइस्क्रीमला? ग्रंथांत हे शब्द नव्हते, कारण ग्रंथांना बाहुलीशी काम नव्हतं. ते शब्द त्या बापाला घडवावे लागले आणि पुढे ते अख्ख्या इस्रायलचे झाले. बेन-येहुदा कठोर माणूस होते, त्या पोराला दुसरी भाषा कानावर पडू न देण्याचा त्यांचा हट्ट अमानुषच म्हणावा लागेल, आणि पुढे शाळा नसत्या तर एका घराने भाषा उभी राहिली नसती हेही मान्य. पण पहिली अडचण कुठे आली ते पाहा. ती घरातल्या, रोजच्या, क्षुल्लक वस्तूंपाशी आली.

आपल्याच इतिहासाकडे वळू. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोश तयार झाला. फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा हा कोश साधारण चौदाशे शब्दांचा. मुजुमदार अमात्य झाले, सुरनीस सचिव, डबीर सुमंत, सरनौबत सेनापती. त्यामागचा स्वाभिमान आजही अंगावर काटा आणतो, आणि मंत्री, सचिव हे शब्द मंत्रालयात रोज वापरले जातात हे त्या कामाचं यश आहे. मी ते नाकारत नाही. पण त्याच कोशाच्या नशिबाची दुसरी बाजू कोणी का सांगत नाही? पेशव्याला मुख्य प्रधान म्हणायचं ठरलं, आणि लोक पुढे दीडशे वर्षं पेशवेच म्हणत राहिले. इतिहासातल्या त्या कालखंडाचं नावच पेशवाई पडलं. दरबारातून गेलेले मुजुमदार, डबीर, वाकनीस, सबनीस, सरनोबत कुठे राहिले? घरांत राहिले, आडनावं होऊन. दरबाराच्या शब्दांचा हुकूम दरबारापुरता चालतो. सावरकरांच्या भाषाशुद्धीचंही तसंच. महापौर, दिनांक, दिग्दर्शक हे त्यांचे शब्द सार्वजनिक व्यवहारात पक्के रुजले, कारण त्या जागा सार्वजनिक होत्या. पण तेच सावरकर त्यांच्या माणसांसाठी ‘तात्या’ होते, थोरले बंधू ‘बाबा’ आणि धाकटे ‘बाळ’. ही नावं कोणत्याही चळवळीने दिली नव्हती.

आता विरोधकांच्या मुद्द्यांकडे येतो, कारण त्यातले काही खरोखर वजनदार आहेत.

पहिला मुद्दा मुलांच्या विकासाचा. बाळाशी ‘भूभू’, ‘चिऊ’, ‘हम्मा’, ‘मम’ असं बोललं तर त्याला खरे शब्द उशिरा येतात, असं मानणारे पालक आज खूप आहेत. या बाबतीत अभ्यास काय सांगतो? १९६४ साली आपले भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी मराठी बाळबोलीवर शोधनिबंध लिहिला, आणि त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन यांनी सहा भाषांमधल्या बाळबोलींची तुलना केली, त्यात मराठी होती. एकमेकींशी संबंध नसलेल्या भाषांमध्येही बाळबोली आढळते, तिला रचना असते, आणि ती मोठी माणसंच पिढ्यान्‌पिढ्या पुढे देतात. म्हणजे ‘भूभू’ हा बाळाने बिघडवलेला शब्द नाही, तो मराठी समाजाने बाळासाठी राखून ठेवलेला शब्द आहे. २०१८ साली एडिंबरा विद्यापीठातल्या संशोधकांनी ४७ इंग्रजीभाषक बाळांचा नऊ ते एकवीस महिन्यांच्या वयात अभ्यास केला. ज्यांच्या कानावर लाडाच्या प्रत्ययांचे आणि द्विरुक्त अक्षरांचे शब्द जास्त पडत होते, त्यांचा शब्दसंग्रह अधिक वेगाने वाढताना दिसला. इंग्रजीत दिसलं ते मराठीत जसंच्या तसं असेल असं मी म्हणणार नाही. पण ‘चिऊ’ म्हणणारं मूल ‘चिमणी’ शिकायचं राहतं ही भीती निराधार आहे. आपण सगळे चिऊ-काऊच्या गोष्टीवर वाढलो आणि त्यातल्या कोणालाही पुढे कावळा ओळखायला अडचण आली नाही.

दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे, आणि घरगुती शब्दांचं गुणगान गाणारे त्याला बगल देतात. घरात पडलेली नावं नेहमी प्रेमाची नसतात. सातारा जिल्ह्यात २०११ साली प्रशासनाने समारंभ करून २८५ मुलींची नावं बदलली. त्या साऱ्या ‘नकुसा’, ‘नकुशी’ होत्या, म्हणजे नको असलेल्या. हे नाव कुणा परक्याने ठेवलं नव्हतं. घराने ठेवलं होतं, जन्मल्या दिवशी, आणि ते रोज हाक मारताना उच्चारलं जात होतं. सुशिक्षित घरांतही ‘काळी’, ‘जाडी’, ‘ढब्बू’ ही नावं थट्टेच्या नावाखाली आयुष्यभर चिकटतात. यापुढे ‘घरची भाषा गोड असते’ असं सरसकट म्हणण्याची मला लाज वाटेल. पण या दुखण्यावर शुद्ध मराठी हे औषध आहे का? ‘नकुसा’ हा शब्द व्याकरणाने चोख आहे. त्यात बोबडं काही नाही, भेसळ काही नाही. तिथे दोष आहे तो शब्द कोण काढतो आणि कोणाला तो सोसावा लागतो याचा. म्हणून माझ्या मते नियम एकच हवा. ज्याच्यावरून शब्द पडला तो स्वतः तो शब्द हसत वापरतो का, हे पाहावं. वापरत नसेल तर त्याच दिवशी तो शब्द घरातून काढून टाकावा, मग तो कितीही जुना आणि कितीही लाडका असो.

तिसरा आक्षेप कुंपणाचा. घराची खासगी भाषा बाहेरच्याला बाहेरच ठेवते. नवी सून घरात येते, पूर्वी तर ताटातल्या तांदळात तिचं नावही बदललं जाई, आणि जेवताना सगळे ज्या शब्दावर हसतात तो शब्द तिला कळत नाही. हे एकटेपण खरं आहे. आणखी मोठं उदाहरण घ्यायचं तर महानुभाव पंथाचं. त्यांनी आपलं वाङ्मय सांकेतिक लिप्यांत ठेवलं, आणि परिणामी मराठीतलं सर्वांत जुनं गद्य शतकानुशतकं मराठी वाचकांपासून कुलूपबंद राहिलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ते उलगडलं तेव्हा मराठी साहित्याचा इतिहास नव्याने लिहावा लागला. बंद भाषेची किंमत एवढी मोठी असू शकते.

पण महानुभावांची लिपी जाणूनबुजून घातलेलं कुलूप होतं. घरगुती शब्द तसे नसतात, ते सतत गळत असतात. सून आली की दोनेक वर्षांत निम्मे शब्द तिच्या माहेरचे होतात. उरलेल्या पोळीचे तुकडे करून फोडणीला टाकलेल्या पदार्थाला कोणी कुस्करा म्हणतं, कोणी माणिकमोती, कोणी फोडणीची पोळी, तर कोणी सरळ ‘फोपो’. ही नावं कोणत्या घरातून निघाली? आता कोणालाच सांगता येणार नाही, कारण ती लग्नांतून, शेजारातून, वसतिगृहांतून फिरली. अजून मागे जा. बांगडी फुटली म्हणायचं नाही, ‘वाढवली’ म्हणायचं. कुंकू संपलं म्हणायचं नाही, ‘वाढलं’ म्हणायचं. घरातून निघताना ‘जाते’ नाही, ‘येते’. रात्री सापाचं नाव घ्यायचं नाही, ‘लांबडं’ म्हणायचं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही म्हणून ‘इकडून येणं झालं’, आणि त्याच अडचणीतून फुललेले उखाणे. हे सगळे शब्दप्रयोग घराच्या चार भिंतींत, बहुतेक बायकांनी, भीतीपोटी किंवा मर्यादेपोटी घडवलेले. आज देवळासमोर कोणीही नारळ ‘वाढवतो’, आणि ते घरगुती आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. घरातून शब्द बाहेर येतात ते असे, शतकांच्या वापराने, आणि त्याला कोणाच्या मंजुरीची गरज लागलेली नाही.

शाळेचा मुद्दा मला सर्वांत गंभीर वाटतो. घरातच कळतील असे शब्द घेऊन मूल शाळेत जातं, तिथे पाठ्यपुस्तकाची भाषा वेगळी, आणि ते मागे पडतं. विशेषतः ज्या घरात पुस्तकं नाहीत तिथे प्रमाण मराठी शाळेतच मिळते. तेव्हा ‘घरची भाषा पुरेशी आहे’ असं म्हणणारा माणूस गरिबांच्या मुलांचं नुकसान करतो, असा हा युक्तिवाद आहे. प्रमाण भाषा प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. अर्ज, न्यायालय, वर्तमानपत्र, परीक्षा यांची भाषा ज्याला येत नाही त्याला हा समाज लुबाडतो. पण प्रमाण शिकण्यासाठी घरचं विसरावं लागतं हे कोणी ठरवलं? मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली आला. पुढे मेजर कँडी यांच्या देखरेखीखाली पाठ्यपुस्तकं तयार झाली आणि पुण्याकडच्या शिष्ट वर्गाची बोली प्रमाण मानली गेली. म्हणजे आज ज्याला आपण शुद्ध म्हणतो, ती मराठीही कोणाच्या तरी घरची होती. मालवणात मुलीला ‘चेडू’ आणि मुलग्याला ‘झील’ म्हणणाऱ्या घरातल्या पोरीला “असं म्हणायचं नाही” असं शिक्षक सांगतात, तेव्हा ते तिला भाषा शिकवत नसतात. दुसऱ्याचं घर तिच्या घरापेक्षा बरं आहे, एवढंच शिकवतात. १९७०च्या दशकापासून दलित आत्मकथनांनी आपल्या घरचे, वस्तीतले शब्द कोणतीही क्षमा न मागता छापले. मराठी त्यामुळे नासली का? उलट तिला कितीतरी अनुभव पहिल्यांदाच सांगता आले. दोन्ही मराठी एका तोंडात सुखाने नांदतात. मूल ‘निवांतली’ घरी म्हणतं आणि वहीत ‘निवांत बसली’ लिहितं. हा फरक त्याला कळतो, मोठ्यांनाच कळत नाही.

मग खरं संकट कुठे आहे? ते घरगुती शब्द असण्यात नाही, ते शब्द दुसऱ्या भाषेत घडू लागण्यात आहे. शहरातल्या कुठल्याही बागेत संध्याकाळी जाऊन ऐका. चिऊची बर्डी झाली आहे, भूभूचा डॉगी, मम गेलं आणि वॉटर आलं. ‘काऊ’ म्हटलं की मूल आता झाडावरच्या कावळ्याकडे पाहत नाही, पुस्तकातल्या गायीच्या चित्राकडे बोट दाखवतं. हे पालक मराठीचे शत्रू नाहीत. दुकानाच्या पाट्यांवर मराठी हवी म्हणून हेच लोक भांडतात, मुलांना मराठी दिनाला भाषण पाठ करून देतात. पण लाड करायला, रागवायला, चिडवायला, शी-शू विचारायला इंग्रजी वापरतात. म्हणजे मराठी उरते ती भाषणापुरती. इंग्रजी शब्द मराठीत येण्याबद्दल माझी तक्रार नाही. ‘टेबल’ आणि ‘कप’ आपण केव्हाच मराठी केले, त्यांना विभक्ती लावली, ‘टेबलाखाली’ म्हटलं. एखाद्या घरात ‘चार्जणे’ असं क्रियापद तयार झालं तर मी त्याचं स्वागत करीन, कारण यंत्र मराठीचं चाललं आहे, कच्चा माल फक्त बाहेरचा. अडचण तेव्हा येते जेव्हा यंत्रच थांबतं.

कोणाला हे अतिशयोक्त वाटत असेल तर त्याने तमिळनाडूतल्या तंजावरकडे पाहावं. व्यंकोजीराजांनी १६७०च्या दशकात तिथे राज्य स्थापलं, १८५५ साली इंग्रजांनी ते खालसा केलं. बृहदीश्वराच्या मंदिरात १८०३ सालचा भोसले घराण्याच्या इतिहासाचा प्रचंड मराठी शिलालेख आहे. राज्य गेलं, राजाश्रय गेला, मराठी शाळेचा आधार नव्हता, आजूबाजूला तमिळसारखी समर्थ आणि समृद्ध भाषा. तरीही तंजावरी मराठी पुढच्या पिढ्यांत टिकली. तो शिलालेख तिथेच होता, पण भाषा त्याने टिकवली नाही. तमिळ शब्द आणि वळणं खुशाल घेत, पुण्याच्या माणसाला विचित्र वाटेल अशी, पण घरात, बायकांच्या आणि पोरांच्या तोंडी ती राहिली. आज तीही आटते आहे. तिथले तरुण घरातसुद्धा तमिळ किंवा इंग्रजी बोलू लागले आहेत, आणि त्यावर कोणताही शासन निर्णय उपयोगी पडणार नाही. २०११च्या जनगणनेनुसार मराठी मातृभाषा सांगणारे आठ कोटींहून जास्त आहेत. हा आकडा मोठा आहे, पण त्यातल्या किती घरांत मुलाला मराठीत चिडवलं जातं हे तो सांगत नाही.

काय करता येईल, हेही बोललं पाहिजे. डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी मराठीच्या बोलींचं सर्वेक्षण हाती घेतलं, गावोगावी जाऊन लोकांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं. हे मोलाचं काम आहे. पण सर्वेक्षक आला की माणूस जरा सावरून बसतो, आणि ‘लुकूप’ त्याच्या समोर कोणी उच्चारत नाही. ते काम घरच्यांनीच करायला हवं. तिसरी-चौथीच्या वर्गात वर्षातून एकदा शिक्षकांनी मुलांना सांगावं की घरातला असा एक शब्द लिहून आणा जो बाहेर कोणाला कळत नाही. तो कोणी काढला, तो कधी वापरतात, त्याचं वाक्य काय, हेही लिहा. ज्यावरून कोणाला दुखावलं जातं असा शब्द आणू नका. मग वर्गात एकाने वाचावा आणि बाकीच्यांनी अर्थ ओळखावा. याला वेगळा निधी लागत नाही. मूल स्वतःच्या घरचा शब्द प्रमाण मराठीत समजावून सांगेल, म्हणजे दोन्ही एकाच तासात होईल. आजी-आजोबांना विचारावं लागेल, गावाला फोन करावा लागेल. ज्या मुलाला असा एकही शब्द सापडणार नाही त्याला शिक्षकांनी रागवू नये. त्याच्या पालकांना मात्र पुढच्या सभेत मुद्दाम बोलवावं, आणि शुद्धलेखनाच्या चुका दाखवण्याऐवजी विचारावं, की घरी तुम्ही मुलाचे लाड कोणत्या भाषेत करता?